वर्गणी आणि सेवा

स्त्रियांचे मंडळ म्हणजे हळदीकुंकू, सहल आणि वर्षाकाठी गोळा केलेली थोडी वर्गणी, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हांस ती मान्य नाही. पुण्याच्या सेवासदनाचेच पाहावे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ते १९०९ साली उभे केले. देणग्यांसाठी हिंडणे त्यांनाही चुकले नाही. पण पैसा कोठे घालावयाचा हे तेथे गरज पाहून ठरे. संसारी बायकांना सकाळी चूल सोडवत नाही, म्हणून त्यांचे वर्ग दुपारी भरत. (शाळेची वेळ शिकणाऱ्याच्या सोयीने ठरवावी, हे आम्हां शिक्षकांना अजून उमगावयाचे आहे!)

परिचारिकांच्या शिक्षणाची हकीकत अधिक बोलकी आहे. परक्या रोग्याची शुश्रूषा हे घरंदाज बाईचे काम नव्हे, असे त्या काळी लोक म्हणत. अशा दिवसांत सदनाने मुली ससून रुग्णालयात शिकावयास पाठविल्या. नुसती फी भरून हे भागणारे नव्हते. राहावयास वसतिगृह हवे, घरच्यांची समजूत घालणारे कोणी वडीलधारे हवे, शिवाय निंदा ऐकून घेण्याची तयारी हवी. रमाबाई स्वतः रोग्यांसाठी फळेफुले घेऊन जात, तुरुंगातील स्त्रियांना भेटत.

आमच्या ट्रस्टच्या भगिनींपुढे शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. रक्कम ठरविण्यापूर्वी एकदा त्या मुलीच्या घरी जाऊन यावे. ती अभ्यासाला कोठे बसते, संध्याकाळी धाकटी भावंडे कोण सांभाळते, एवढे तरी विचारावे.