राखीव जागा आणि न आलेली पाइपलाइन

२५ नोव्हेंबर २०१५. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न संसदेत सरकारी खर्चाचा हिशेब मांडत होते. त्याच दिवशी ऊर्जा खात्याने लंडनच्या शेअर बाजाराला एक छोटं निवेदन धाडलं: कार्बन पकडून साठवण्यासाठी ठेवलेले १०० कोटी पौंड आता मिळणार नाहीत. हेच १०० कोटी सत्ताधारी पक्षाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या जाहीरनाम्यात होते. पाच दिवसांनी पॅरिसची हवामान परिषद भरायची होती. स्कॉटलंडमधला पीटरहेड आणि यॉर्कशरमधला व्हाइट रोझ, हे दोन्ही प्रकल्प तिथेच संपले.

या निर्णयाला नुकतीच दहा वर्षं झाली आणि फेब्रुवारी २०२६पासून इंग्लंडमधल्या वीजकेंद्रांसाठी नवा नियम आला. मागे वळून बघायला यापेक्षा वेगळं निमित्त नको.

त्याआधीचा इतिहास दोन वाक्यांत आटोपतो. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून कार्बन डायऑक्साइड नळातून वाहतोय, पण तो मुख्यतः जुन्या विहिरींतलं तेल वर ढकलण्यासाठी. त्या तेलाच्या धंद्याशी वीजकेंद्रांचा फारसा संबंध नव्हता.

खरी गोष्ट २००७ ते २०१७ची. केंट परगण्यात किंग्जनॉर्थला कोळशाचं नवं केंद्र उभारायचा प्रस्ताव आला आणि आंदोलक जुन्या केंद्राच्या चिमणीवर चढले. २००९च्या एप्रिलमध्ये ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांनी जाहीर केलं की कार्बन पकडण्याची सोय नसेल तर कोळशाचं नवं केंद्र नाही. त्याच वर्षी ३०० मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या केंद्राला ‘कार्बन पकडायला सज्ज’ असण्याची अट लागली. विचार रास्त होता. आज यंत्रणा परवडत नसेल तर निदान उद्या ती बसवता येईल, एवढी तजवीज आताच करायची.

ही तजवीज जमिनीवर दिसायची. टर्बाइनच्या इमारतीशेजारी कुंपणाच्या आत एक मोकळा तुकडा सोडायचा. धुरातला वायू शोषणारा मनोरा, तो पुन्हा सोडवणारा मनोरा आणि कॉम्प्रेसर यांची ती जागा. वायू सोडवायला द्रावण सुमारे १२० अंशांपर्यंत तापवावं लागतं. त्यासाठी मधल्या दाबाच्या टर्बाइनकडून कमी दाबाच्या टर्बाइनकडे जाणाऱ्या नळातून वाफ काढता यावी, म्हणून तिथेही जागा राखायची. हे सगळं अभियंत्यांच्या हातातलं होतं आणि त्यांनी ते नीट केलं.

घोडं पेंड खात होतं ते कुंपणाबाहेर. पाइपलाइनचा मार्ग अर्जदारानेच नकाशावर दाखवायचा होता: पहिल्या १० किलोमीटरसाठी १ किलोमीटर रुंद पट्टा आणि पुढे समुद्रापर्यंत १० किलोमीटर रुंद. नळ कोण टाकणार, कधी टाकणार, पैसे कोण भरणार, याला उत्तर नव्हतं. हा वायू आधी कोरडा करावा लागतो, कारण ओलावा राहिला तर आम्ल तयार होऊन पोलाद खातं. मग साधारण १०० बारच्या वर दाबून द्रवासारखा दाट करून तो लांब न्यायचा. एवढा खटाटोप एकट्या केंद्राला झेपत नाही. सामायिक नळ लागतो आणि तो आखणं सरकारचंच काम असतं. सरकारने प्रत्येकाला आपापली रेघ मारायला सांगितलं आणि मोकळं झालं.

अटीचा उंबरठा ३०० मेगावॅटचा होता. हिरवन, प्रोग्रेस आणि मिलब्रुक या वायूवरच्या तीन प्रस्तावित केंद्रांची क्षमता २९९ मेगावॅट होती.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते लाँगॅनेट. कार्बन पकडण्याच्या प्रकल्पाला पैसे देण्यासाठी सरकारने २००७मध्ये स्पर्धा जाहीर केली होती आणि फोर्थ खाडीकाठचं हे २,४०० मेगावॅटचं केंद्र तिच्यात शेवटपर्यंत टिकलेलं एकमेव होतं. तिथे तर नळ आधीच जमिनीत होता! नैसर्गिक वायूची सुमारे २८० किलोमीटरची जुनी वाहिनी उलट्या दिशेने वापरून कार्बन सेंट फर्गसला न्यायचा आणि तिथून समुद्रातल्या गोल्डनआय या रिकाम्या झालेल्या वायूक्षेत्रात सोडायचा, असा बेत होता. खर्चावर एकमत झालं नाही आणि ऑक्टोबर २०११मध्ये तो मोडला. यॉर्कशरमध्ये व्हाइट रोझच्या जागेपासून, म्हणजे ड्रॅक्सपासून, किनाऱ्यापर्यंत जाणारी पाइपलाइन इतर कारखान्यांनाही पुरेल एवढी मोठी आखली होती. व्हाइट रोझ गेल्यावर तिच्यासाठी कारणच उरलं नाही आणि जानेवारी २०१७मध्ये परवानगी नाकारली गेली. एक दशक भिजत घोंगडं ठेवून शेवटी सगळ्यांच्याच तोंडाला पानं पुसली गेली.

आता टीसाइडला ७४२ मेगावॅटचं वायूवरचं केंद्र उभं राहतंय. कार्बन पकडण्याची यंत्रणा पहिल्यापासून सोबत आहे आणि समुद्राखालचा नळ सुमारे १४५ किलोमीटरचा, अनेकांनी मिळून वापरायचा. डिसेंबर २०२४मध्ये पैशांची जुळणी झाली. हे चांगलंच झालं, पण २००९मध्येच सुचायला हवं होतं. फेब्रुवारी २०२६च्या नव्या नियमाने ३०० मेगावॅटचा उंबरठा काढून टाकला, तोही सतरा वर्षांनी.

लाँगॅनेट २४ मार्च २०१६ला बंद पडलं आणि ९ डिसेंबर २०२१ला त्याची चिमणी सुरुंग लावून पाडली. सेंट फर्गसकडे जाणारी ती जुनी वाहिनी मात्र अजून जमिनीत आहे आणि स्कॉटलंडच्या एकॉर्न प्रकल्पाच्या आराखड्यात तिचं नाव पुन्हा आलं आहे.