झाड अचानक पडत नाही

पावसाळ्याचा पहिला जोराचा वारा सुटला, की मुंबई-पुण्यासारख्या शहरांत झाडे कोसळू लागतात. एखादा गुलमोहर उभ्या मोटारीवर आडवा होतो, रस्ता बंद पडतो, वीज जाते आणि काही वेळा माणसांचा जीवही जातो. 'कालपर्यंत तर झाड हिरवेगार होते,' असे आसपासचे रहिवासी सांगतात. ते खोटे नसते. परंतु हिरवी पाने ही झाडाच्या प्रकृतीची पुरेशी खूण नव्हे. झाडाला इजा कोणत्या अवयवाला झाली, यावर ती केव्हा आणि कशी दिसेल हे ठरते. म्हणूनच झाडाचा कोणता भाग कोणते काम करतो, हे शहरवासीयांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

मुळांनाही श्वास लागतो

झाड जेवढे उंच तेवढेच त्याचे मूळ खोल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या एक मीटरभर थरात असतात आणि ती आडवी, अनेकदा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. बुंध्याजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात. पाणी शोषण्याचे काम मात्र टोकांकडील कोवळी, बारीक मुळे करतात. त्यांच्यावर केसांसारखे नाजूक मूलरोम असतात. मातीच्या कणांमध्ये शिरून ते पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार आत घेतात. अगदी टोकाशी असलेली मूलटोपी वाढणाऱ्या मुळाला खडबडीत मातीपासून जपते.

या कामासाठी ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी प्राणवायू. जमिनीखालच्या मुळांना तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट आले, की हवा आणि पाणी या दोहोंची वाट अडते आणि बारीक मुळे मरू लागतात. केबल किंवा गटारासाठी चर खणताना एका बाजूची जाड मुळे तोडली जातात, तेव्हा उरलेली मुळे पाणी पुरवीत राहतात. त्यामुळे पाने हिरवीच दिसतात. मात्र त्या बाजूचा आधार गेलेला असतो. पावसाने माती सैल झाली, पानांनी भरलेल्या माथ्यात वारा शिरला, की झाड मुळासकट उलटते.

खोडातील दुहेरी वाहतूक

खोड म्हणजे केवळ खांब नव्हे. त्यात दोन स्वतंत्र मार्ग असतात. जलवाहिन्या लाकडात असतात आणि त्या मुळांकडून पाणी वर नेतात. रसवाहिन्या सालीच्या आतल्या बाजूस असतात. पानांत तयार झालेले अन्न त्या मुळांपर्यंत आणि इतर भागांपर्यंत पोहोचवतात. या दोहोंच्या मध्ये सतत विभाजन पावणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या तयार करतो. खोडाची जाडी वाढते ती याच थरामुळे. उंची मात्र फक्त शेंड्यांशी वाढते. म्हणून खोडावर दीड मीटर उंचीवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनीही त्याच उंचीवर राहतो; फक्त लाकूड त्याला गिळत जाते.

जुन्या लाकडाच्या गाभ्यातून पाणी वाहत नाही. त्यामुळे आतून पोखरलेले झाडही बाहेरच्या लाकडाच्या जोरावर वर्षानुवर्षे पालवते. याउलट, सालीची पट्टी बुंध्याभोवती पूर्ण वर्तुळात काढली, तर मोठे झाडही मरते. सतराव्या शतकात इटलीच्या मार्सेलो माल्पिघी यांनी असे वलय काढून पाहिले, तेव्हा वलयाच्या वरची कड फुगल्याचे त्यांना आढळले. खाली जाणारे अन्न तेथे अडकले होते. आपल्याकडील माळी गुटी कलम बांधताना हेच तत्त्व वापरतात. डाळिंबाच्या किंवा पेरूच्या फांदीची साल गोलाकार काढून त्यावर ओले शेवाळ बांधले, की वरच्या कडेला साठलेल्या अन्नावर आणि वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यांवर नवी मुळे फुटतात.

कलमात उपयोगी पडणारी ही क्रिया रस्त्यावरच्या झाडाला मारक ठरते. रोषणाईसाठी आवळलेली तार किंवा वेळेवर न काढलेला लोखंडी पिंजरा वाढत्या खोडात रुततो आणि रसवाहिन्या हळूहळू दाबल्या जातात. पाणी वर चढतच राहते, त्यामुळे पाने कित्येक महिने टवटवीत दिसतात. उपासमार होते ती मुळांची. साठवलेले अन्न संपले, की मुळे मरतात आणि मगच माथा वाळू लागतो. तोवर उपाय करण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

हवेतून घडणारे लाकूड

झाड माती खाऊन वाढते, असे पूर्वी मानले जाई. सतराव्या शतकातील संशोधक यान फान हेल्मोंट यांनी कुंडीत वाळुंजाचे रोप लावून त्याला पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाडाचे वजन ५ पौंडांवरून १६९ पौंडांवर गेले. माती मात्र अवघी दोन औंस कमी झाली. ही वाढ पाण्यामुळेच झाली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच खरा होता. लाकडाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कार्बनचा असतो आणि तो हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून येतो.

हे घडते पानात. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रे झाडांमध्ये प्रामुख्याने खालच्या बाजूस असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैलावल्या की मिटते. आत आलेला वायू आणि मुळांनी पाठवलेले पाणी यांपासून हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साह्याने शर्करा तयार करते. रंध्र उघडे असताना पाण्याची वाफही बाहेर पडते. शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असेच उडून जाते. ते वाया जात नाही. बाहेर पडणारे पाणी मागच्या पाण्याला वर ओढते. जलवाहिन्यांतील अखंड जलस्तंभ असा ओढला जातो, ही उपपत्ती डब्लिनमधील डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडली. याच बाष्पोच्छ्वासामुळे झाडाखालची हवा थंड वाटते.

उन्हाळ्यात निष्पर्ण गुलमोहर लाल फुलांनी पेटतो, तोही आदल्या हंगामात पानांनी साठवलेल्या अन्नावर. फुलांतील दहा पुंकेसरांवर परागकण तयार होतात. ते स्त्रीकेसरावर पोहोचले, की फलन होऊन अंडाशयाची लांब शेंग होते आणि बीजांडांच्या बिया. मोसमापूर्वी माथा बेसुमार छाटला, तर ही शिल्लकच तुटीत जाते.

जखम भरत नाही, झाकली जाते

माणसाच्या त्वचेप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. अमेरिकेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी कापून दाखवून दिले, की झाड जखमी भागाभोवती भिंती उभारून तो वेगळा करते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. आतली इजा कायम राहते. प्रत्येक खिळा, प्रत्येक ओबडधोबड तोडलेली फांदी ही बुरशीसाठी उघडे दार ठरू शकते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 'झाड तोडणे' या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही समाविष्ट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवती एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

आपल्या सोसायटीतील झाडाकडे पाहताना नजर पानांवरून खाली आणावी. बुंध्याभोवती माती मोकळी आहे का, एका बाजूला जमीन उचलली किंवा भेगाळली आहे का, बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या उगवल्या आहेत का, सालीत तार रुतली आहे का, हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. असे काही दिसल्यास पालिकेच्या उद्यान विभागाला पावसाळ्यापूर्वी कळवावे. वारा हे झाड पडण्याचे शेवटचे कारण असते. पहिले कारण बहुधा काही वर्षे आधी, माणसाच्या हातून घडलेले असते.