घारापुरीचें बेट : एका दिवसाची सहल

आमच्या परभणी जिल्ह्यापासून समुद्र इतका दूर आहे कीं, 'बेट' ह्या शब्दाची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांत प्रत्यक्ष बेट पाहिलेला विद्यार्थी क्वचितच सांपडतो. गोदावरीस पूर आला म्हणजे मध्येंच उघडा राहणारा एखादा उंचवटा, हेंच काय तें त्यांचें बेट! म्हणून ह्या खेपेच्या सहलीसाठीं आम्हीं घारापुरी निवडली. पुढें जाणाऱ्यांस उपयोगीं पडावें म्हणून तेथें काय व कसें पाहावें हें येथें सांगण्याचा विचार आहे. तेथें आम्हांस एक प्रश्न विचारण्यांत आला, त्याचें उत्तरही आमच्याकडे राहिलें आहे. तें ह्याच लेखांत देतों.

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनें रात्रीं निघालें म्हणजे सकाळीं मुंबईस उतरतां येतें. सोमवारीं लेणीं बंद असतात, ही गोष्ट तिकिटें काढण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावी. लाँच अपोलो बंदरावरून, 'गेट वे ऑफ इंडिया' ह्या कमानीजवळून सुटते. पंचम जॉर्ज बादशहा १९११ सालीं येथें उतरले, त्याचें स्मारक म्हणून ही कमान बांधण्यास घेतली व ती १९२४ सालीं पुरी झाली. पुढें १९४८ च्या फेब्रुवारींत ब्रिटिशांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून चालत जाऊन बोटीवर चढली. ज्या दारानें राजा आला त्याच दारानें राज्य गेलें, हें तेथील छायाचित्रवाले कोणास सांगत नाहींत, शिक्षकांनीं सांगावें.

बेट येथून सुमारे १० किलोमीटर आहे व लाँचला तासभर लागतो. लाँच हलूं लागतांच आमचीं कांहीं मुलें कठड्याशीं धांवलीं, तर कांहींनीं डोळे घट्ट मिटून घेतले. अंगांत जीवरक्षक जाकीट घालावयास देतात, त्याचा कंटाळा करूं नये. १८ डिसेंबर २०२४ रोजीं ह्याच मार्गावर नौदलाची एक वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून अनेकांचे प्राण गेले आहेत. वाटेंत लढाऊ जहाजें दिसतात. तेलवाहू जहाजें जेथें लागतात तें जवाहर बेट दिसतें. आणि लांबवर २०२४ सालीं खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा पूल एखाद्या ताणलेल्या दोरीसारखा दिसतो.

घारापुरी हें रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांतील गांव होय. दोन टेकड्या, मध्यें दरी, आणि राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर अशा तीन वस्त्या, एवढाच त्याचा पसारा. येथील लोक मासे धरितात, थोडी शेती करितात, व पुष्कळसे प्रवाशांवर पोट भरितात. समुद्राखालून केबल टाकून येथें कायमची वीज आणली ती २०१८ सालीं! त्यापूर्वीं संध्याकाळीं कांहीं तास जनित्र चाले, मग अंधार. समोर मुंबईचे दिवे रात्रभर झगमगत असतां ह्या माणसांनीं ते स्वातंत्र्यानंतरही ७० वर्षें अंधारांतून पाहिले. लेण्यांकडे धांवणाऱ्या प्रवाशाच्या हें लक्षांतही येत नाहीं.

एलिफंटा हें नांव पोर्तुगिजांनीं दिलें. बंदराजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्यावरून. तो आतां तेथें नाहीं. कोठें आहे तें पुढें सांगूं. धक्क्यावरून टेकडीच्या पायथ्यापर्यंत लहानशी आगगाडी जाते, परंतु पायीं जाणें बरें. नंतर सुमारे १२० पायऱ्या आहेत. माकडांपासून सावध असावें. आमच्या एका विद्यार्थ्याचा दशम्यांचा डबा माकडानें त्याच्या देखत उघडून, त्यांतील लोणचें हुंगून, नापसंत केलें व बाकी सर्व नेलें.

लेण्याचा दगड आम्हांस परका नाहीं. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहत आलेल्या तप्त रसाचे थरावर थर बसून दख्खनचा काळा खडक झाला. त्याचीच झीज होऊन आपली कापसाची काळी जमीन झाली. परभणीच्या विहिरींत पहारीस लागतो तोच हा खडक. मात्र येथें देऊळ 'बांधलेलें' नाहीं. बांधतांना दगडावर दगड चढवितात. येथें उलट डोंगराच्या पोटांत शिरून प्रथम छत मोकळें केलें, मग खांब, आणि सर्वांत शेवटीं पायाखालची जमीन. जें नको तें काढून टाकिलें. जें उरलें तें देऊळ. टांकी एकदां चुकली तर दुसरा दगड आणण्याची सोय नाहीं. हें समजून घेतल्यावांचून आंत गेल्यास निम्मी सहल फुकट जाते.

तोंडाशींच वाटाड्या भेटतो. आमचा वाटाड्या राजबंदरचाच, गोड बोलणारा गृहस्थ. परंतु त्यास दिवसभरांत अनेक टोळ्या फिरवावयाच्या असल्यामुळें प्रत्येक शिल्पास दोन मिनिटें असा त्याचा हिशेब होता. आमची सूचना अशी कीं, वाटाड्याचें सर्व ऐकून घ्यावें, आणि तो पुढच्या टोळीकडे वळला म्हणजे पहिल्यापासून पुन्हां आरंभ करावा. आधीं पांच मिनिटें कांहींच न पाहतां उभें राहावें. उन्हांतून आलेल्या डोळ्यांस प्रथम नुसता अंधार दिसतो. मग खांब उमटतात. आणि मग समोरच्या दक्षिणेकडील भिंतींतून तें प्रचंड त्रिमुख रूप हळूहळू पुढें येतें.

"हे ब्रह्मा, विष्णु, महेश," असें वाटाड्या म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या असेंच सांगत आले आहेत, परंतु अभ्यासकांनीं हें मत सोडून दिलें आहे. तिन्ही मुखें शिवाचींच आहेत. मधलें शांत, आपल्या डावीकडचें उग्र, मिशा असलेलें व सर्प धारण करणारें, उजवीकडचें स्त्रीसारखें कोमल, कमळ हातीं घेतलेलें. ह्या रूपास सदाशिव म्हणतात. चौथें मुख मागें खडकांत व पांचवें वर आहे असें समजावयाचें. उंची सुमारे १८ फूट, आणि ही तरी छातीपर्यंतचीच मूर्ति होय! हिच्या एका बाजूस अर्धनारीश्वर व दुसऱ्या बाजूस गंगाधर आहे. रावण कैलास हालवितो आहे तें शिल्प वेरूळास अधिक सुरेख आहे, म्हणून तेथें फार रेंगाळूं नये. परंतु शिवपार्वतीच्या लग्नाचें शिल्प मात्र अवश्य पाहावें. वधूची मान किंचित् लवली आहे. सहाव्या शतकांतील त्या अज्ञात पाथरवटानें लग्नमंडपांतील एखाद्या मुलीकडे नीट पाहिलें असलें पाहिजे.

नटराजासमोर आम्ही उभे होतों. आठ हातांपैकीं बहुतेक मोडलेले, पाय नाहींसे झालेले, तरी अंगाच्या वळणांत नृत्य शिल्लक! तेव्हां आठवींतील एका मुलीनें विचारलें, "सर, ह्याचे हात कोणीं तोडले?"

वाटाड्यानें तत्काळ सांगितलें, "पोर्तुगिजांनीं. बंदुकीच्या नेमाला." इतक्यांत त्याची दृष्टि मुलांच्या सदऱ्यावरील शाळेच्या बिल्ल्याकडे गेली. बिल्ल्यावर क्रूस आहे. तो बिचारा ओशाळला व म्हणाला, "जुनी गोष्ट झाली ती, सर."

मुलें आमच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. तितक्यांत जिंतूर तालुक्यांतला एक मुलगा म्हणाला, "पण सर, आमच्या चारठाण्याला पण देवळं पडलेली आहेत. तिथं कुठं पोर्तुगीज आले होते?" त्या घटकेस आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, उत्तर परभणीस गेल्यावर देऊं. तें हें.

वाटाड्याचें म्हणणें खोटें नाहीं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहाकडून वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. त्यांच्या शिपायांनीं लेण्यांची नासधूस केली असें जुन्या युरोपीय लेखकांनींच लिहून ठेविलें आहे. तें कोणा वैऱ्याचें कुभांड नव्हे. ते शिपाई ख्रिस्ताचें नांव घेणारे होते. त्यांचा पंथ निराळा, राज्य निराळें, काळ निराळा, अशा सबबी सांगतां येतील. आम्ही त्या सांगूं इच्छीत नाहीं.

तथापि सर्वच मोडतोड त्यांची नव्हे. गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य त्याच सुमारास इकडे होता. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें ह्या लेण्यांची प्रशंसा केली असून, आंत गुरें शिरत असल्यामुळें फार नुकसान झालें आहे असें तो म्हणतो. ह्याशिवाय पावसाचें पाणी, खारा वारा व खडकांतील भेगा आहेतच. अमुक हात शिपायानें तोडला व अमुक हात पाण्यानें गेला, अशी वांटणी आतां कोणास करितां येणार नाहीं. ह्या ओर्ताचें पुढें काय झालें तेंही मुलांनीं ऐकावें. त्याचें घराणें मूळचें यहुदी. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० सालीं, गोव्याच्या धर्मन्यायसभेनें त्याचीं हाडें उकरून जाळलीं. ज्यांस दगडाची मूर्ति सहन झाली नाहीं, त्यांस मेलेल्या माणसाचीं हाडेंही सहन झालीं नाहींत.

आमच्या मतें मूर्तींच्या हातांहून मोठी हानि दुसरीच आहे. येथें एक शिलालेख होता. दियोगो दो कोतो हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो कीं, तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला, तेथें तो कोणास वाचतां आला नाहीं, आणि पुढें तो नाहींसा झाला. हीं लेणीं कोणीं खोदविलीं ह्याचें उत्तर कदाचित् त्यांत असेल. आज विद्वान् लोक बेटावर सांपडलेल्या कलचुरि राजा कृष्णराज ह्याच्या नाण्यांवरून व शिल्पांच्या घडणीवरून सहाव्या शतकाचा मध्य असा अंदाज बांधितात. पौल प्रेषित अथेनै येथें गेला तेव्हां मूर्तींनीं भरलेलें नगर पाहून त्याचा आत्मा संतप्त झाला, हें आपण शास्त्रांत वाचतों. परंतु त्यानें एकही मूर्ति फोडली नाहीं. तो फिरला, त्यानें निरखून पाहिलें, वेदीवरचा लेख वाचला, आणि त्या लेखावरूनच बोलण्यास आरंभ केला. कोतोच्या देशबांधवांस तो अध्याय ठाऊक नव्हता असें नाहीं.

चारठाण्याचें उत्तर आम्ही येथें बसून देणार नाहीं. त्या मुलास टिपणवही दिली आहे. काय पडलें, कोणत्या बाजूस पडलें, फुटीची कड काळवंडलेली आहे कीं ताजी, घरांच्या जोत्यांत देवळाचे दगड दिसतात कीं काय, हें तो पाहून येणार आहे. पुढील अंकांत त्याचा लेख घेऊं.

आतां राहिलेलीं स्थळें. त्याच टेकडीवर आणखी चार लेणीं आहेत, तीं बरींच पडकीं व अपुरीं. वर टेकडीच्या माथ्यावर जुन्या तोफा आहेत. चढण उन्हाची आहे, परंतु बंदराचा देखावा तेथून उत्तम दिसतो. दुसऱ्या टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे. आमच्या बौद्ध विद्यार्थ्यांची तिकडे जाण्याची फार इच्छा होती. वेळ पुरला नाहीं, ही आमच्या आंखणीची चूक. तिकडेच सीताबाईचें देऊळ म्हणून एक लेणें आहे. पोर्तुगीज अमलाच्या अखेरीस त्याचा ख्रिस्ती उपासनेसाठीं उपयोग होत असे म्हणतात. मुक्कामास प्रवाशांना परवानगी नाहीं, म्हणून परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतांच विचारून ठेवावी.

हत्ती पाहण्यास दुसऱ्या दिवशीं भायखळ्यास जावें लागतें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याच्या खटपटींत उचलतांना पडून फुटला. तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेंत, म्हणजे हल्लींच्या जिजामाता उद्यानांत आणून १९१४ सालीं पुन्हां जोडले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारीं तो उभा आहे. आमचीं मुलें त्याच्या भोंवतीं फिरून जोड कोठें कोठें आहेत तें बोटांनीं चांचपून शोधीत होतीं. आठवींतील त्या मुलीनें सात मोजले. चारठाण्याच्या मुलाचें म्हणणें, नऊ. रात्रीं गाडींत मनमाड येईपर्यंत हा वाद चालू होता.