कॉन्टेसाला चपळाई हवी?

कुंभकोणममध्ये महामहम् तळ्याभोवतीच्या गर्दीत जुनी कॉन्टेसा चालवून पाहा. ऐसपैस, दिमाखदार, पण थांबून पुन्हा निघायचे म्हटले की अंग चोरते! 1984 सालच्या पहिल्या गाड्यांना तर अ‍ॅम्बॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन होते.

यावर मिस्त्री उपाय सुचवतात : मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन बदला. समजा, पिनियनला 10 आणि क्राउनला 39 दाते आहेत, प्रमाण 3.9. त्याऐवजी 43 दात्यांचा क्राउन असलेली जोडी बसवली की 4.3. चाकांना सुमारे 10 टक्के जास्त जोर मिळतो. मात्र त्याच वेगाला इंजिनही तितकेच जास्त फिरते. तंजावरच्या 40 किलोमीटर सपाट रस्त्यावर ती घरघर ऐकत जायचे, वर पेट्रोलचा खर्च!

खरी गंमत पुढे आहे. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. त्यामुळे मीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 54च्या आसपास धावत असते. किलोमीटरही फुगतात आणि अ‍ॅव्हरेज आहे त्याहून चांगले भासते. तेव्हा केबलचा छोटा गिअरही बदलून घ्या. क्राउन-पिनियन नेहमी जोडीनेच घ्यावेत; त्यांचे दाते एकमेकांशी घासून जुळवलेले असतात.

आणि हौसिंग उघडण्याआधी कार्ब्युरेटर व क्लच तपासा. पुष्कळदा सुस्ती तिथेच असते.