आवलीची भाकरी



आपल्या चिंचवडापासून देहू दूर नाही, आणि देहूजवळचा भंडारा डोंगरही आपल्या परिचयाचा आहे. आज त्याच्या आसमंतातून तळेगाव-चाकण रस्त्याने कारखान्यांच्या मालमोटारी धावतात. सतराव्या शतकात याच डोंगरावर तुकाराम महाराज चिंतनास बसत, आणि त्यांची पत्नी जिजाई ऊर्फ आवली भाकरी घेऊन चढण चढत असे. महाराजांचे अभंग सर्वांस ठाऊक आहेत. भाकरी आणणारीचा विचार किती जणांनी केला?

ही आवली पुण्याच्या गुळवे घराण्यातील लेक. तिच्याविषयी लोकांनी एवढेच लक्षात ठेवले की, ती तोंडाची फटकळ होती. ग्रीस देशातील तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याची पत्नी झांटिपी हिच्या वाट्यासही असाच लौकिक आला. थोर पुरुषाच्या घरी पीठ आहे की नाही हे पाहणारी स्त्री इतिहासात बहुधा कजाग ठरते! १९३६ साली प्रभात कंपनीने काढलेल्या 'संत तुकाराम' बोलपटात गौरी या नटीने आवलीची भूमिका केली. तिच्या रागास प्रेक्षक हसले, आणि हसता हसता त्या रागामागील माया त्यांस दिसली.

पुढे २०१७ साली प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आले. त्यांनीच ते लिहिले व बसविले. संगीत आनंद ओक यांचे. या नाटकास २०२० सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार लाभला. रंगमंचावर पात्रे दोनच, आणि दोन्ही स्त्रिया. महाराजांना शोधीत निघालेल्या गर्भवती आवलीच्या पायात काटा रुततो. आख्यायिकेप्रमाणे तो विठ्ठल काढतो. नाटककार मात्र पुढे जाऊन विचारतो, ती जखम भरेपर्यंत घर कोणी सांभाळावे? तेव्हा साक्षात रखुमाई 'लखूबाई' हे नाव घेऊन देहूत येते.

विनोदाचे मर्म येथेच आहे. आवली विठ्ठलास मनसोक्त बोल लावते. आणि ऐकणारी त्याचीच पत्नी आहे, हे प्रेक्षकांस ठाऊक, आवलीस नाही. रखुमाईस राग यावा, तर बोलणे मनोमन पटतेही! कारण तीही रुसलेलीच आहे. पंढरपुरास तिचे देऊळ आजही वेगळे आहे. एकीचा पती देवाच्या नादी, दुसरीचा भक्तांच्या. हसू ओसरते तेव्हा ध्यानात येते की, या दोघींस 'तुझे कसे चालले आहे?' असे आजवर कोणी विचारलेच नव्हते.

कोणी म्हणेल, यात संतांचा अधिक्षेप होतो. मला तसे वाटत नाही. दिव्याचा प्रकाश वर्णन करताना तेल कोणी घातले हे सांगितल्याने प्रकाश उणा होत नाही.

मुलांनो, आपल्या या कारखान्यांच्या गावात पहाटेच्या पाळीसाठी घराघरांतून डबे भरले जातात. तुमच्या दप्तरातील डबाही त्यांतलाच. तो भरणारी किती वाजता उठली, तिने स्वतः काय खाल्ले, हे आज घरी गेल्यावर अवश्य विचारा. कदाचित ती रागावेल, 'आजच बरे सुचले!' असे म्हणेल. तरीही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हलू नका.