दुहेरी करआकारणी, वेतनावरील

एकाच व्यक्तीच्या एकाच उत्पन्नावर एकाच कालावधीसाठी दोन देशांनी स्वतंत्रपणे कर आकारणे, यास दुहेरी करआकारणी म्हणतात. निवास एका देशात आणि काम दुसऱ्या देशात असले की, हा प्रश्न उद्भवतो. त्याच्या मुळाशी दोन तत्त्वे आहेत : उत्पन्न जेथे निर्माण होते, त्या देशाचा त्यावरील हक्क हे उगमतत्त्व आणि निवासी व्यक्तीच्या जगभरच्या उत्पन्नावर निवासदेशाचा हक्क हे निवासतत्त्व. बहुतेक देश दोन्ही तत्त्वे अवलंबितात. अमेरिका तर नागरिकत्वाच्या आधारेही कर आकारते.

पालघर जिल्ह्यातील बोईसर–वाणगाव परिसरावरून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात. तारापूर अणुवीज केंद्र (१९६९) जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने उभारले. अशा प्रकल्पावरील विदेशी तंत्रज्ञाचे वेतन भारतात केलेल्या कामाचे असल्याने ते भारतात उद्भवलेले उत्पन्न ठरते. भारताचा अमेरिकेशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९८९ मध्ये झाला व १९९० मध्ये अंमलात आला. तत्पूर्वी सवलत प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्यावर अवलंबून असे. भारताच्या १९६१ च्या आयकर अधिनियमात विदेशी तंत्रज्ञांच्या वेतनास काही अटींवर सूट होती; ती पुढे रद्द झाली.

दुसरी बाजू वाणगावात घर असून विदेशी जहाजावर नोकरी करणाऱ्या खलाशाची. घर, कुटुंब वा शेतवाडी गावी आहे, एवढ्याने तो करदृष्ट्या निवासी ठरत नाही. निर्णायक असतो तो दिवसांचा हिशेब. आर्थिक वर्षात १८२ वा अधिक दिवस, अथवा त्या वर्षी ६० आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहणारी व्यक्ती निवासी होय. मात्र त्या वर्षी नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकास ६० ऐवजी १८२ दिवसांची कसोटी लागते. परदेशगामी जहाजावरील भारतीय खलाशाच्या बाबतीत जहाजावर रुजू झाल्यापासून उतरेपर्यंतचा काळ, ‘सीडीसी’ या नोंदपुस्तकातील तारखांनुसार, भारतातील वास्तव्यातून वगळण्याचा नियम २०१५ मध्ये झाला. अनिवासी खलाशाचे विदेशी जहाजावरील सेवेचे वेतन केवळ भारतातील अनिवासी खात्यात जमा झाले म्हणून करपात्र होत नाही, असे २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. यास्तव गावी काही दिवस अधिक राहिल्याने वर्षभराच्या वेतनाचे करदायित्व बदलू शकते. १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या २०२५ च्या आयकर अधिनियमातही निवास दिवसांवरूनच ठरतो.

सवलतीची पद्धत : करारांनुसार वेतनावरील कर सामान्यतः काम जेथे होते तेथे लागतो. मात्र तेथील वास्तव्य १८३ दिवसांहून अधिक नसेल, मालक तेथील निवासी नसेल आणि वेतनाचा भार त्याच्या तेथील आस्थापनेवर पडत नसेल, तर बहुधा निवासदेशच कर घेतो. दोन्हीकडे कर लागल्यास निवासदेश परदेशी कराची वजावट देतो. पण ती त्या उत्पन्नावरील स्वदेशी कराइतकीच मिळते. उदा., परदेशात ६०,००० रुपये कर भरला आणि त्याच उत्पन्नावर भारतीय कर ९०,००० रुपये असला, तर येथे ३०,००० रुपये भरावे लागतात. परदेशी कर १,००,००० रुपये असल्यास वरचे १०,००० रुपये परत मिळत नाहीत. करार नसलेल्या देशातील उत्पन्नासाठीही भारतीय कायद्यात एकतर्फी सवलतीची तरतूद आहे. अशी वजावट आपोआप मिळत नाही. परदेशात कर भरल्याचा पुरावा विवरणपत्रासोबत विहित रीतीने सादर करावा लागतो. म्हणून वास्तव्याच्या तारखांची नोंद, वेतनपत्रके आणि कर भरल्याच्या पावत्या जपून ठेवणे हे अशा करदात्याचे पहिले संरक्षण होय.