सियाचीनच्या छावणीतला संडास

मित्रांनो, विषय वाचून हसू नका. वर्गात सांगितला तेव्हा सगळे हसलेच होते. पण गुरुजी म्हणाले, "लिही, मात्र नीट समजून लिही."

सियाचीन ही लडाखमधली हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. ती ७० किलोमीटरहून जास्त लांब आहे. १९८४ सालच्या एप्रिल महिन्यापासून आपले जवान तिथे पहारा करतात. थंडीत पारा शून्याच्या खाली ५० अंशांपर्यंत उतरतो. काही ठाणी २०,००० फुटांपेक्षा उंच आहेत. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट आहे. म्हणजे पावणेचार कळसूबाई एकावर एक ठेवायच्या, तेवढे उंच!

माझे मामा फौजेत आहेत. ते तिथे राहून आलेत. गावातले लोक त्यांना बंदुकीचं विचारतात. मी विचारलं, "मामा, तिथं परसाकडं कुठं जायचं?" आई माझ्यावर डोळे वटारू लागली. पण मामा म्हणाले, "अगं ताई, रागावू नको. हाच प्रश्न मोठमोठ्या इंजिनियर लोकांना पडला होता."

आपल्याकडे शोषखड्डा घेतला की काम झाले. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात. ते मैला खातात आणि त्याची माती होते. बर्फात तसे होत नाही. मैला गोठतो आणि दगडासारखा वर्षानुवर्षे तसाच राहतो, कुजत नाही. बरं, बर्फात खड्डा खणून पुरला तर? तरी उपयोग नाही. कारण हिमनदी एका जागी थांबत नाही, ती हळूहळू खाली सरकते. तिच्या पोटात टाकलेले सगळे तिच्याबरोबर खाली येते. बर्फ वितळतो तिथून नुब्रा नदी निघते. नुब्रा पुढे श्योक नदीला मिळते आणि श्योक सिंधूला. नदीकाठी गावे आहेत, शेते आहेत. आणि जवान स्वतः काय पितात? रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून तेच पाणी पितात.

हे साधे प्रकरण नाही. गुरुजींनी सांगितले की क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) गोळी लागून जेवढे सैनिक मेले, त्यापेक्षा जास्त पटकी, हगवण अशा रोगांनी मेले. म्हणून फौजेची छावणी बांधताना पिण्याचे पाणी कुठले आणि घाण कुठे जाणार हे आधी ठरवावे लागते.

आता आमच्या गोबरगॅसचे सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. आमच्या घरामागे गोबरगॅस आहे. शेण आणि पाणी सारखे सारखे कालवून टाकीत सोडतात. आत हवा जात नाही. हवा नसली तरी जगणारे जीवाणू आत असतात. ते शेण खातात, त्यातून जळणारा वायू निघतो आणि उरलेली रबडी शेतात जाते. पण पौष महिन्यात काय होते? आईची शेगडी मिणमिणते. भाकरीला वेळ लागतो आणि आम्हाला शाळेला उशीर होतो. कारण थंडीत जीवाणू सुस्त होतात. मग सियाचीनच्या थंडीत त्यांचे काय होत असेल, विचार करा.

यावर डी. आर. डी. ओ. या संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उपाय काढला. ग्वाल्हेर आणि तेजपूर येथे त्यांच्या प्रयोगशाळा आहेत. त्यांनी असा विचार केला की आपले जीवाणू थंडीत काम करत नाहीत, तर थंडीतच राहणारे शोधू. अंटार्क्टिकासारख्या थंड मुलखातून जीवाणू आणले आणि प्रयोगशाळेत वाढवले. ५ अंश एवढ्या थंडीतही ते काम करतात. पण पाण्याचा पार बर्फ झाला तर तेही बसून राहणार. म्हणून टाकीला दुहेरी भिंत करतात आणि मध्ये ऊब धरणारा थर घालतात. फार थंडीत बाहेरून थोडी ऊबही द्यावी लागते. आई दह्याचे पातेले गोणपाटात गुंडाळून ठेवते, तसेच. आणि विरजण लागते तसे इथेही लागते! नव्या टाकीत आधी जीवाणूंचे पाणी ओततात. मग ते आपोआप वाढतात. मैल्याचे पाणी आणि वायू होतो. रोगजंतू बहुतेक मरतात. मला तर हे विरजणाचे सगळ्यात आवडले.

छावणीत दुसराही कचरा असतो. डबे, पुठ्ठे, पिंपे. तो जीवाणू खात नाहीत, खाली वाहूनच आणावा लागतो. २०१८ च्या जानेवारीपासून फौजेने असा १३० टन कचरा दीड-दोन वर्षांत खाली आणला. एवढ्या उंचीवर नुसते चालले तरी धाप लागते. त्यात पाठीवर कचरा!

हाच संडास आता आपल्याकडे रेल्वेच्या डब्याखाली आहे. पूर्वी सगळे रुळांवर पडायचे. २०११ साली ग्वाल्हेरहून वाराणसीला जाणाऱ्या बुंदेलखंड एक्सप्रेसला अशा टाक्या पहिल्यांदा बसवल्या. त्यात बाटली किंवा गुटख्याची पुडी टाकली की तोंड तुंबते.

पालकांपैकी कोणी गोबरगॅसला संडास जोडला असेल त्यांच्यासाठी मामांनी एक गोष्ट सांगितली आहे. त्या संडासात फिनेल किंवा ॲसिड ओतू नये, आतले जीवाणू मरतात. मग गॅस बंद होतो आणि पुन्हा विरजण घालावे लागते. ते दुसऱ्याच्या चालू गोबरगॅसमधून बादलीभर रबडी मागून आणले तरी चालते.